नवे ग्राफिक्स कार्ड, जुने कॅबिनेट

महोदय,

संगणकातले ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रे तयार करणारा भाग) बदलताना गिऱ्हाईक आणि दुकानदार दोनच गोष्टी बघतात: एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) किती वॅटचा आहे आणि कार्ड कॅबिनेटमध्ये मावते का. हवेचे कोणी विचारत नाही. जीटीएक्स १६५० हे जुने कार्ड साधारण ७५ वॅट घेते. त्याच्या जागी आरटीएक्स ५०७० हे नवे कार्ड आले की आकडा २५० वर जातो. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि आजची बहुतेक कार्डे ती मागून बाहेर न टाकता कॅबिनेटच्या पोटातच सोडतात.

आधी खात्री करा. वीस मिनिटे जड गेम चालवून कार्डाचे तापमान टिपा. मग साइड पॅनल काढून तोच गेम तेवढाच वेळ चालवा. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष कॅबिनेटच्या हवेचा. दोन-तीन अंशच उतरला तर नवे पंखे घेऊन पैसे घालवू नका; कार्डावरची धूळ किंवा खोलीची उष्णता बघा.

पुढून १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढे बहुतेकांना पुरते. पंख्याच्या ज्या बाजूला मोटार धरणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. शंका असल्यास टिश्यू पेपर धरून बघा. उलटे बसवलेले पंखे अजूनही सर्रास आढळतात. छतावर पुढच्या टोकाला बाहेर टाकणारा पंखा लावू नये, कारण समोरून आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोचण्याआधीच तो ओढून घेतो. समोर सबंध काच असेल तर रंगीत दिव्यांचे पंखे शोभेचेच. जाळीचे तोंड असलेले कॅबिनेट त्याहून कितीतरी कामाचे.

एक गोष्ट तर जाणकारांच्याही नजरेतून सुटते. कॅबिनेटचे पंखे मदरबोर्डला जोडलेले असतात आणि त्यांचा वेग सहसा प्रोसेसरच्या तापमानावर ठरतो. गेममध्ये कार्ड ८० अंशांवर असते, पण प्रोसेसर ५५ वर निवांत, म्हणून पंखेही निवांत! बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) त्यांचा किमान वेग ५०-६० टक्के ठेवा, किंवा विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकून वेग कार्डाच्या तापमानाला बांधा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळाच. कोणताही पंखा कार्डाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना ७० वर राहणारे कार्ड विदर्भातल्या मे महिन्यात, खोली ४० ला गेली की, ८५ कडे सरकते. अनेक कार्डे ८३-८४ च्या आसपासच आपला कामाचा वेग उतरवू लागतात. त्यात कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबले की बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत येते. मागे निदान चार इंच मोकळी जागा हवी. कूलरचा झोतही थेट कॅबिनेटवर नको. दमट हवेने धूळ पात्यांना चिकटून तिचा लगदा होतो. ब्लोअर मारताना पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते गरगर फिरून बेअरिंग बिघडते.

एवढे करूनही भागले नाही तर कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) थोडक्याच घटतात, उष्णता मात्र चांगलीच कमी होते.

– संगणक जोडणी-दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, अकोला