सव्वातीन तासांची सवलत

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणावरील वृत्त वाचले. घरातील विनावेतन कामांत स्त्रीचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. तीही प्रत्यक्ष कामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. बहुसंख्य पुरुष तर त्या कामांकडे फिरकतच नाहीत. हा सव्वातीन तासांहून मोठा फरक आम्हा पुरुषांना काहीही न कमावता मिळतो. त्यातच आमचा अभ्यास, ओव्हरटाइम, विश्रांती सारे बसते आणि पुढे मिळालेल्या बढतीला आम्ही निव्वळ गुणवत्ता म्हणतो. नोकरीच्या मुलाखतीत ‘घर कसे सांभाळाल?’ हे आजही स्त्रियांनाच विचारले जाते. कंपन्यांनी आणि सरकारी निवड मंडळांनी हा प्रश्न बंद करावा, नाहीतर पुरुष उमेदवारांनाही विचारावा.

– एक वाचक, पुणे