काकडीच्या नूडल्सची कोशिंबीर

औंध, पुणे
२० डिसेंबर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

पिशवीत भाज्यांच्या नूडल्स काढायचं यंत्र पाठवलंय. मुलं आठवडाभर तुमच्याकडे असणार आहेत, आणि कोशिंबीर पानात तशीच ठेवतात. तीच काकडी लांब नूडल्ससारखी दिसली की संपवतात. पेन्सिलीला टोक काढतात तसं हातात धरून फिरवायचं छोटं यंत्रही मिळतं, पण त्यात सगळा जोर मनगटावर येतो. आई, तुला तो झेपायचा नाही, म्हणून मुद्दाम ओट्यावर बसणारं, दांडा फिरवायचं घेतलं. ओटा आधी कोरडा पूस. ओल्यावर खालचं रबर धरत नाही आणि गाजर लावलं की यंत्र सरकतं.

बाबा, मंडईतून आणताना जाडी बघा. भाजीचा पेन्सिलीएवढा गाभा यंत्रात उरतोच, त्यामुळे दीड इंचाहून बारीक गाजराच्या नूडल्स थोड्या आणि गाभाच जास्त. लाल गाजरांचा वरचा जाड भाग तेवढा यंत्राला, शेपटाकडचा किसणीवर. काकडी सरळ आणि कोवळी हवी. जून काकडीत बियांपाशी पातं पोचलं की लगदा होतो. टोकाची चकती चाखून बघा. कडू लागली तर ती काकडी टाकूनच द्या. पुढे दुधी केलात तर त्यालाही हाच नियम, तिथे तर कडूपणा जिवावर बेततो.

दोन्ही टोकं अगदी सपाट कापायची. तिरकी राहिली तर भाजी डोलते आणि नूडल्सऐवजी अर्ध्या चकत्या पडतात.

चौघांना काकडी अर्धा किलो, गाजर पाव किलो, एक लहान बीट. काकडीला जाड पातं, गाजर-बिटाला बारीक. निघालेल्या नूडल्स कात्रीने चार-चार बोटं कापा. लांब ठेवल्या तर गुंता होतो, मुलांच्या घशाशी अडकतात आणि बाबांच्या कवळीलाही त्रास. गाजर कडक वाटलं तर उकळत्या पाण्यात १ मिनिट, लगेच गार पाण्यात, मग निथळत ठेवायचं.

कोशिंबीर बिघडते ती बहुतेक पाण्यामुळे. काकडीला अर्धा चमचा मीठ लावून १० मिनिटं रोळीत ठेव, मग पंचात घेऊन तळव्याने दाब. चोचवलेली काकडी आपण पिळतो तशी ही पिळायची नाही, तुकडे होतात. खाली साठलेलं खारं पाणी थालीपिठाच्या पिठात घाल. मीठ पुन्हा घालायचं ते चव बघूनच.

दही १ वाटी, अर्धा तास फडक्यात टांगलेलं. त्यात साखर १ चमचा. फोडणीला तेल २ चमचे, मोहरी अर्धा चमचा आणि हिंग. ती कोमट झाल्यावरच दह्यात घाल, कडकडीत ओतली तर दही फुटतं. मुलांचं वाढून झालं की उरलेल्यात दोन मिरच्या बारीक चिरून मिसळ. बीट सगळ्यांत शेवटी वरून, नाहीतर पांढरं काही राहत नाही. दाण्याचं कूट ३ चमचे, तेही पानं घेताना. आधी घातलं तर ते पाणी ओढून फुगतं आणि सगळा गोळा होतो.

यंत्र लगेच धुवा. गाजराचे तंतू पात्यात वाळले की निघता निघत नाहीत. पात्याला बोट लावू नका, ब्रश घातलाय. प्लॅस्टिकवरचा गाजराचा केशरी डाग आधी तेलाच्या बोटाने पुसायचा, मग साबण. तो रंग तेलातच सुटतो. बिटाचा नुसत्या पाण्याने जातो.

उरलेले गाभे आमटीत चांगले लागतात.

शनिवारी सकाळी मुलांना आणून सोडते. गाजर-बीट आदल्या दिवशी काढून, डब्यात खाली कोरडा कागद घालून फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालेल. काकडी मात्र आम्ही आल्यावरच काढा, दांडा मुलांना फिरवू दे. भाजी पात्याकडे ढकलायचं काम तेवढं बाबांकडे.

तुमची,
मनू