डाळिंबाची साल आधी तपासा, मग विकू द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

साहेब, सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या आम्ही बारा जणी डाळिंबाचे दाणे काढून विकतो. तडकलेली, डागाळलेली, बाजारात भाव न मिळणारी फळं आम्ही घेतो. लोखंडी सुरी असली तर साल कापता कापता ती काळी पडते. बोटंही काळी होतात, दोन दिवस घासली तरी डाग जात नाही. हा सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा गुण. जुलाब लागले की आज्या हिचाच काढा द्यायच्या. फळाचं जवळजवळ निम्मं वजन सालीचं, आणि ते आम्ही बांधावर टाकतो. दुपारपर्यंत तिथं चिलटं घोंगावतात.

त्याच सालीत प्युनिकॅलॅजिन आणि एलॅजिक आम्ल ही द्रव्यं असतात. स्वादुपिंडातून येणारं लायपेज हे विकर चरबी फोडतं, तेव्हाच ती अंगी लागते. सालीच्या अर्कानं हे विकर मंदावतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. उंदरांवरचे निकालही आशादायक आहेत. पण माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान. शिवाय आतड्यातले जिवाणू या द्रव्यांचं पुढं जे करतात, ते माणसागणिक वेगळं.

एवढ्या भांडवलावर आठवडी बाजारात ‘महिन्यात पोट आत’ म्हणून सालीच्या पुड्या विकल्या जातात. माझ्या जावेनं दीड महिना रोज चमचाभर घेतली. वजन होतं तिथंच राहिलं, पोट मात्र धरलं ते धरलंच. पुडीवर ना तारीख, ना परवाना क्रमांक. आणि तेल्या या डाळिंबावरच्या रोगासाठी आपण फवारतो ते औषध आधी बसतं कुठं? सालीवरच. दाणे खाणाऱ्याच्या तोंडात साल जात नाही, पुडी घेणाऱ्याच्या मात्र तीच जाते. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. 2005 साली सुरू झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच, सोलापूरजवळ केगावला आहे. ते दिल्लीच्या अखत्यारीत येतं, पण पाठपुरावा तुम्ही करू शकता. बचत गटांना परवडेल अशा दरात सालीतला फवारणीच्या औषधांचा अंश तपासून मिळावा, साल वाळवायला सामायिक ड्रायर मिळावा, आणि इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला सोबत घेऊन सालीच्या अर्काची माणसांवर रीतसर चाचणी व्हावी. निकाल काहीही येवो, तो आम्हाला मराठीत कळवा. त्याआधी वजन उतरवण्याचा दावा करून कुणालाही साल विकू देऊ नका.

तोवर साल रंगाला जाऊ दे. तिच्यापासून पक्का पिवळा रंग निघतो, लोहाचा अंश मिसळला की करडा होतो. आमच्या सुरीवर तोच चढतो. टॉवेल-चादरींच्या सोलापूर शहरात त्याला गिऱ्हाईक मिळायला हरकत नाही.

मृग बहाराची तोडणी सुरू होण्याआधी केगावला एक बैठक लावा, साहेब. आम्ही सालीची पोती घेऊन येतो.

आपली,
बचत गटाची एक सभासद,
ता. सांगोला, जि. सोलापूर