एफडी मोडू नका, आधी मेडिकल करू

धानोरी, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हडपसर आणि धानोरी एकाच गावात, आणि तरी मी पत्र लिहितेय याचं आईला नवल वाटेल. पण या विषयावर समोर बसून बोलायला गेलं की बाबा "बघू" म्हणून पेपर उघडतात आणि आई, तू चहा टाकायला उठतेस. परवाही तेच झालं. दादा त्या पायलटचं ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेचं कोटेशन घेऊन आला होता, त्याचा सोनू फरशीकडे बघत बसला होता, आणि बाबांनी कपाटातून एफडीच्या पावत्या काढून टीपॉयवर ठेवल्या. त्यावर घराचे कागद. मला रात्रपाळीला निघायचं होतं म्हणून मी उठले, पण रात्रभर त्या पावत्या डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत.

सोनूला पायलट व्हायचंय तर त्यानं जरूर व्हावं. त्याच्या आड मी कधीच येणार नाही. माझं म्हणणं एवढंच की या रस्त्यावर पैसा सगळ्यात शेवटी काढायचा असतो, आणि तुम्ही तो सगळ्यात आधी काढताय.

पहिली पायरी मेडिकलची. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू, आणि कमर्शियल लायसन्ससाठी पुढे क्लास वन. ईसीजी, रक्त, कान, डोळे, सगळं नीट तपासतात. सोनूला चष्मा आहे म्हणून आई काळजीत आहे ना? चष्म्यानं नजर सिक्स बाय सिक्स येत असेल तर तो अडत नाही. अडवतो तो रंग ओळखण्यातला दोष. तपासणीतल्या रंगीत ठिपक्यांच्या गोलातला आकडा वाचता येत नाही, हे मुलांना तोवर ठाऊकही नसतं. असं काही निघालं तर ते फी भरण्याआधी निघालेलं बरं. आणि मेडिकल एकदा झालं की संपलं असंही नाही. निदान दर वर्षी तरी ते करायचं, आणि त्या कागदावरच पायलटची नोकरी चालते. हे सोनूला आत्ताच कळू दे.

दुसरी पायरी पेपरांची. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात सत्तर टक्के लागतात. यासाठी विमानात बसावं लागत नाही, अभ्यासाला बसावं लागतं. बारावी फिजिक्स-मॅथ्स घेऊन झाली की डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, काढायचा आणि घरी राहून अभ्यास करून पेपर द्यायचे. या सहा-आठ महिन्यांत पोराला खरंच किती ओढ आहे ते आपल्यालाही कळेल आणि त्यालाही. पेपर निघाले की मग उड्डाणाची संस्था. आणि ती निवडायला मी त्याच्याबरोबर स्वतः जाणार. माहितीपत्रकातले फोटो बघून काही ठरवायचं नाही.

कमर्शियल लायसन्सला दोनशे तास लागतात. त्यातले शंभर पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, आणि एक तीनशे नॉटिकल मैलांची लांब फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. ऐकायला सोपं वाटतं. पण संस्थेत विमानं किती, त्यातली आज उडण्याजोगी किती, शिकवणारे किती आणि रांगेत पोरं किती, यावर ते दोनशे तास वर्षात होतात की तीन वर्षांत, हे ठरतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाचा मुलगा गेला होता. संस्थेचं नाव घेत नाही. सगळी फी एकरकमी भरली. चौदा महिन्यांत त्याचे साठ तास झाले. दोन विमानं सुट्या भागांची वाट बघत हँगरमध्ये उभी, पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाण बंद, आणि होस्टेलचं भाडं मात्र दर महिन्याला. त्या बापाचा चेहरा मी डबा खाताना रोज बघत होते. म्हणून सांगते, फी हप्त्यानं द्यायची, झालेल्या तासांच्या हिशोबानं. तसं जमणार नाही म्हणाले तर आपण तिथून उठायचं. बारामती आपल्याच जिल्ह्यात आहे, गोंदिया आहे, धुळे आहे. अमेठीजवळ फुर्सतगंजला सरकारची इंदिरा गांधी उड्डाण अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा देऊनच घेतात. डीजीसीएनंही २०२५पासून उड्डाण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, ती आपण बघू. पण तिथे शिकणाऱ्या चार पोरांशी फाटकाबाहेर चहा पीत बोलल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

आणि दादाच्या त्या कोटेशनमध्ये एक गोष्ट नाही, ती मी परवाच बघितली. टाइप रेटिंग. लहान विमानाचं लायसन्स हातात आलं तरी एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चालवायला त्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग लागतं, सिम्युलेटरवर, आणि तेही लाखांत जातं. मधले रिकामे महिने वेगळे. या धंद्यात ते येतातच. २०१२मध्ये किंगफिशर एअरलाइन बंद पडली, २०१९च्या एप्रिलात जेट, २०२०ला कोरोना, २०२३च्या मेमध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी अनुभवी पायलट बाजारात आले आणि नुकतं लायसन्स घेतलेली पोरं मागे राहिली. आज भरती जोरात आहे, विमानं येतायत. पण सोनू तयार होईल तेव्हा कसं असेल ते कुणी सांगावं? तेवढे दिवस घर चालेल, इतका पैसा हातात राहायला हवा.

एअरलाइन्सच्या कॅडेट प्रोग्रॅमचं दादा म्हणत होता. तिथे निवड आधी होते, पुढची वाट ठरलेली असते, हे खरं. पण एकूण खर्च जास्त, आणि नोकरीच्या पत्रातल्या अटी नीट वाचायला हव्यात. वाचू. एनडीएचं मीच सुचवलं असतं, खडकवासला घराजवळ आणि फी नाही, पण सोनूच्या लांबच्या नजरेच्या नंबरामुळे हवाई दलाची फ्लाइंग ब्रांच त्याला मिळणार नाही. त्याला तसं सरळ सांगायला हवं, उगाच आशा नको. एअर ट्रॅफिक कंट्रोल, म्हणजे टॉवरमधून विमानांना सूचना देण्याचं काम, मात्र मला त्याच्यासाठी मनापासून वाटतं. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग करायचं, एअरपोर्ट अथॉरिटीची परीक्षा द्यायची, निवड झाली की ट्रेनिंग तेच देतात. लोहगावला, आपल्या पुण्याच्या विमानतळावर, टॉवर हवाई दलाकडे आहे, तेव्हा घराजवळ पोस्टिंगची आशा धरू नका.

आता बाबा, खरं म्हणजे ज्यासाठी लिहायला बसले ते.

मी बारावी झाले २००४ला. जेवणाच्या टेबलावर तुम्ही म्हणालात, "एवढे पैसे नाहीत गं आपल्याकडे." तुमचा आवाज बसला होता. मी मेंटेनन्स इंजिनिअरिंगला गेले. तेव्हापासून आजतागायत माझी ओळख करून देताना तुम्ही "विमानाची इंजिनिअर आहे" म्हणता आणि लगेच पुढे जोडता, "पायलट व्हायचं होतं तिला." परवा पावत्या टीपॉयवर ठेवताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तेव्हा मला कळलं की ते पैसे तुम्ही नुसत्या सोनूसाठी काढलेले नाहीत.

त्याच रात्री मी काय करत होते ते सांगते. रात्री मुक्कामाला आलेलं विमान, पहाटे दिल्लीला जाणारं. टॉर्च घेऊन इंजिनाच्या पंख्याच्या एकेका पात्यावरून बोट फिरवत होते. एका पात्याच्या कडेला बोट अडकलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, फक्त बोटाला लागत होतं, तांदळाच्या कणीएवढं. मोजलं, मॅन्युअल काढलं, मर्यादेत आहे याची खात्री केली, नोंद केली, आणि पहाटे सव्वाचारला टेक लॉगवर, विमानाच्या नोंदवहीवर, सही केली. ती सही झाल्याशिवाय ते विमान जागचं हलत नाही. ते धावपट्टीवर गेलं तेव्हा मी कठड्याला टेकून उभी होते आणि मला तुमचीच आठवण आली. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाबाहेर तुम्ही मला खांद्यावर घेऊन उभे असायचात. ओढणाऱ्या यंत्राचा, विंचचा, दोर ताणला जायचा, बिनइंजिनाचं ग्लायडर उचललं जायचं, दोर सुटून खाली पडायचा, आणि सगळं एकदम शांत. ती शांतता तुम्ही मला दाखवलीत. माझं काही राहिलं नाही, बाबा. जे काम मला सगळ्यात आवडतं ते मी करते आहे. माझ्या वाटचं म्हणून सोनूवर खर्च करू नका. तो तुमचा नातू आहे म्हणून करा, आणि जेवढा झेपेल तेवढाच.

घराचे कागद तर बँकेत जाऊच नयेत. शिक्षण कर्ज घ्यायचंच झालं तर दादाच्या आणि माझ्या पगारावर बघू. आम्ही दोघं कमावते आहोत.

बुधवारी मला सुट्टी आहे. क्लास टूच्या मेडिकलसाठी सोनूची वेळ घेतली आहे, सकाळी दहाची, त्याला उपाशीपोटी यायला सांगा. बाबा, तुम्हीही चला, तिथे बसायला चांगली जागा आहे. आणि आई, गुडघ्याच्या एक्स-रेची फाइल तेवढी काढून ठेव. मागच्या दिवाळीपासून "पुढच्या महिन्यात" चाललंय. सोनूचं झालं की तिथूनच तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ आणि ऑपरेशनची तारीख घेऊनच घरी येऊ. एफडीतली पहिली पावती त्यासाठी काढायची आहे.

तुमची लेक