कर्ज कोणाला देता, त्याआधी वसुली कशी होते ते विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी मी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा न्यू जर्सीतल्या भाच्याने मला ‘किवा’चे २५ डॉलरचे भेटकार्ड पाठवले. सॅन फ्रान्सिस्कोची ही संस्था २००५ पासून आपल्यासारख्यांचे थोडे थोडे पैसे एकत्र करून जगभरातल्या छोट्या कर्जदारांपर्यंत पोहोचवते. एक संपूर्ण दुपार मी फोटो पाहत बसले आणि फिलिपिन्समधली शिवणकाम करणारी एक बाई निवडली. माझी आई तांडापेठेत दिवसभर मागावर बसायची आणि रात्री शेजारणींचे ब्लाउज शिवायची, म्हणून. हप्ते परत आले की तेच पैसे मी दुसऱ्या बाईला देत गेले. फार समाधान वाटायचे.

यंदा फेब्रुवारीत आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताई एका सकाळी उशिरा आल्या, डोळे सुजलेले. त्या वाठोड्याला राहतात. दहाजणींच्या गटात त्यांनी लोन घेतले आहे. गटातल्या एकीचा नवरा मेडिकल रुग्णालयात भरती होता, त्यामुळे तिचा हप्ता चुकला, तोही पहिल्यांदाच. संध्याकाळी वसुलीचे ‘सर’ आले. त्यांनी बाकीच्या नऊजणींना तिच्या अंगणात बोलावले आणि पैसे जमल्याशिवाय कोणी उठायचे नाही, असे बजावले. साडेआठ वाजले. ताईंनी पोराच्या ट्यूशनसाठी ठेवलेले सहाशे रुपये काढून दिले. “मॅडम, पैशाचं काई नाई वो, पण साऱ्या गल्लीनं पाह्यलं,” एवढेच त्या म्हणाल्या. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. ताईंचे हप्ते अजून फिटायचे आहेत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे पैसे ज्या संस्थेच्या हातून फिलिपिन्समध्ये गेले, तिचा वसुलीचा माणूस कसा वागतो, हे मी कधी विचारलेच नव्हते. मग नीट वाचायला बसले. किवामार्फत पैसे देणाऱ्याला व्याज मिळत नाही, पण तिथली भागीदार संस्था कर्जदाराकडून बहुतेक वेळा व्याज घेते. तिचा कारभार त्यावरच चालतो. अनेकदा तर फोटोतल्या बाईला कर्ज आधीच मिळालेले असते आणि आपले पैसे त्या संस्थेकडे जातात. म्हणजे मी निवडत होते ती खरे तर संस्था. कर्जदाराला सरासरी किती खर्च पडतो, ही माहितीसुद्धा संस्थेच्या पानावर दिलेली असते. मी ते पान कधी उघडले नव्हते.

आपल्याकडे यासाठी नियम आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेल्या सूक्ष्म कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्त कंपन्यांसाठी २०२२ मध्ये निर्देश काढले. सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. धमकी किंवा शिवीगाळ करायची नाही, कर्जदारांची नावे जाहीर करायची नाहीत, नातेवाईक-मैत्रिणींना त्रास द्यायचा नाही. कर्जदार ठरलेल्या ठिकाणी लागोपाठ दोनदा आली नाही, तरच तिच्या घरी जायचे. कर्जाचे कार्ड तिला समजणाऱ्या भाषेत हवे. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी इमारत उभी आहे, पण त्या अंगणात बसलेल्या दहाजणींपैकी एकीलाही यातले काही माहीत नव्हते. तीस वर्षे नागपुरात गणित शिकवूनही मलासुद्धा माहीत नव्हते, याची खंत वाटते.

गणिताचा विषय निघालाच आहे, तर व्याजाचेही सांगते. दहा हजारांवर वर्षाला १२ टक्के ‘फ्लॅट’ म्हणजे १,२०० रुपये व्याज आणि महिन्याला साधारण ९३३ रुपयांचा हप्ता. ऐकायला स्वस्त वाटते. पण सहा महिन्यांनी त्या बाईकडे निम्म्याच्या आसपासच मुद्दल उरलेले असते आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लागलेले असते. घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर, मांडले तर हाच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. त्यात प्रोसेसिंग फी आणि विमा आधीच कापला, तर आणखी वाढतो. म्हणून दर विचारताना सगळा खर्च धरून वार्षिक दर किती, असेच विचारावे.

कोणाला पैसे हातमागासाठी जावेत असे वाटते, कोणाला सेंद्रिय शेतीसाठी. ज्याची त्याची आवड. माझी अट आता एकच आहे: माझ्या पैशाच्या वसुलीसाठी कोणत्याही बाईची मान तिच्या गल्लीत खाली जाऊ नये. मला बचत गटाची पद्धत जवळची वाटते, कारण गटातल्या अंतर्गत कर्जावरचे व्याज त्याच बायकांकडे राहते. महिलांच्या पतसंस्थेत ठेव ठेवायचाही विचार केला, पण बँकेतल्या ठेवीला असते तसे पाच लाखांचे विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नसते. माझ्या वयात तेही पाहावे लागते.

माझे वीस हजार रुपये कोणाकडे द्यावेत हे ठरवण्यासाठी एप्रिलमध्ये मी छोटी कर्जे देणाऱ्या चार संस्थांना पत्रे लिहिली. हप्ता चुकला तर पहिल्या आठवड्यात नेमके काय करता? एकीचा हप्ता दुसरीकडून घेता का? वसुली करणाऱ्याचा पगार वसुलीच्या आकड्यावर ठरतो का? दोघांचे उत्तर आले नाही. तिसऱ्यांनी फोन करून मला परतावा किती मिळेल ते सांगितले. मी ते विचारलेच नव्हते. चौथ्यांनी मराठीतले कर्जाचे कोरे कार्ड पाठवले आणि आजारपणात हप्ता पुढे ढकलण्याची त्यांची पद्धत लिहून कळवली.

ते कार्ड मी ताईंना वाचायला दिले. त्यांनी ओट्याला टेकून दोनदा वाचले आणि विचारले, “हे लिहिलेलं सरलोकायले पण माहीत असते का?” हाच प्रश्न मी त्या संस्थेला परवा पोस्टाने पाठवला आहे. उत्तर येईपर्यंत माझे वीस हजार बँकेतच राहतील.

रिझर्व्ह बँकेचे वसुलीचे नियम आपण सोप्या मराठीत, चौकटीत छापावेत, अशी विनंती आहे. वाठोड्यात वाटायला मी शंभर प्रती काढून नेईन.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर