दुपारची रिकामी टेबलं सरावाला द्या की राव

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

विश्रामबागेतल्या एका पूल (टेबलावर काठीनं बॉल भोकात घालायचा खेळ) क्लबला मी दोन वर्षं जातोय, वय ४७, मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेबाला असतो. तिथं पोरं खेळतात झकास, समोरासमोरचा बॉल डोळे झाकून पॉट करतील, म्हणजे भोकात घालतील, पण व्हाईट (ज्याला काठीनं मारायचं तो पांढरा बॉल) एकदा का कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटला की चेहरे बघा. 'नशीबच फुटकं' म्हणत कसातरी टोला हाणायचा, क्यू, म्हणजे काठी, सटकतो, व्हाईट भलतीकडंच, झाला फाऊल.

आता नशीब कुठं आलं त्यात? कुशनची धार बॉलच्या निम्म्याहून वर असते, म्हणजे सव्वादोन इंचाच्या बॉलचा वरचा तिसरा हिस्सा काय तो आपल्या वाट्याला येतो, तिथंच क्यू लागला पाहिजे. मी पण आधी मागचा हात उचलून वरून ठोकायचो, एकदा व्हाईट उडून शेजारच्याच्या चहात पडता पडता राहिला. मागच्या पावसाळ्यात आयर्विन पुलाकडं पाणी चढायला लागलं की यार्डातलं काम थंडावायचं, क्लबही रिकामा, तेव्हा रोज तासभर मुद्दाम व्हाईट कुशनला चिकटवून बसलो. हाताचा पंजा लाकडावर सपाट, क्यू जेमतेम वर, मागं खेचायचा दोन-तीन इंचच, आणि हळू, मधोमध. क्यू तिरका असताना जरा जरी साईड लागली (मधोमध सोडून बाजूला टोला बसला) की व्हाईट वाट सोडून वळतो. आठवडाभर काहीच जमलं नाही, मग दहातले चार-पाच जायला लागले.

रेस्ट (हात पुरत नसेल तेव्हा क्यू टेकवायची आधाराची काठी) घ्यायची तर पोरांना लाजच वाटते, म्हातारपणाची काठी असल्यासारखी. त्यापेक्षा टेबलावर आडवे पसरतील, एक पाय जमिनीला टेकलेला पाहिजे हा नियम गेला खड्ड्यात. डाव्या हातानं खेळून बघा म्हटलं तर हसतात.

पण त्यांचा तरी काय दोष, टेबलाचं मीटर तासावर पळतंय आणि हरेल त्यानं पैसे भरायचे, मग अडचणीचे शॉट लावून बसणार कोण? आपल्या पुण्याचे विल्सन जोन्स १९५८ ला बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले, ते काय घड्याळाकडं बघत सराव करून झाले असतील?

क्लबवाल्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की बारा ते चार टेबलं नुसती झाकून असतात, एकट्यानं सराव करणाऱ्याला तेवढा वेळ निम्म्या दरात द्या. मला स्वतःला दुपार मिळायची नाही, पण कॉलेजच्या पोरांना मिळेल. आमच्या क्लबच्या मालकांना विचारलं तर म्हणाले, "पेपरात छापून आणा, मग बघू." म्हणून हा खटाटोप.

– एक वाचक, सांगली