बंदुकांची तिजोरी जमिनीला जखडलेली हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या बंदुकांच्या एका संग्राहकाची ओळख करून देणारा लेख वाचला. ठासणीच्या बंदुकांच्या चापांची रचना लेखकाने इतक्या जाणकारीने समजावून दिली आहे की, तो भाग मी दोनदा वाचला. सोबतचे छायाचित्र पाहून मात्र मी अस्वस्थ झालो. काचेच्या कपाटात ओळीने उभ्या असलेल्या बंदुका, कपाटाला लावलेले हातभर दुरूनही किरकोळ वाटणारे कुलूप आणि शेजारच्या खिडकीतून दिसणारा रस्ता, हे सारे त्या एका चित्रात होते. शिवाय घरमालक वर्षातून दोनदा महिनाभर परगावी असतात, हेही मजकुरात ओघाने आले होते. घर कोणते, माल कोणता, तो कुठे ठेवला आहे आणि घर रिकामे कधी असते, ही चारही उत्तरे चोराला एकाच पानावर मिळाली. लेखकाचा हेतू निर्मळ होता याविषयी मला शंका नाही. पण या बाबतीत मी स्वतः पोळलेला असल्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझ्या वडिलांनी जमवलेल्या सात बंदुका त्यांच्या पश्चात मी सांभाळत होतो. त्यासाठी चांगली पोलादी तिजोरी घेतली होती. तिचे वजन जवळजवळ तीनशे किलो होते आणि ती जागेवर ठेवायला चार माणसे लागली होती, त्यामुळे ती कोणी उचलून नेईल हा विचारच माझ्या मनात आला नाही. तिच्या तळाला जमिनीत बोल्ट मारण्यासाठी कारखान्यातूनच चार भोके पाडलेली होती. ती मी पाहिली होती, आणि नवी फरशी फुटेल म्हणून तशीच सोडून दिली होती. आम्ही दोन दिवस घरी नव्हतो तेवढ्यात घरफोडी झाली. चोरांनी तिजोरी आडवी केली, हातगाडीवर घातली आणि नेली. पुढे ती एका ओसाड जागी सापडली, तेव्हा तिचे दार जसेच्या तसे बंद होते आणि पाठीचा पत्रा कापलेला होता. बंदुकांच्या नोंदणीची कागदपत्रेही मी त्याच तिजोरीत ठेवली होती. पोलिसांनी अनुक्रमांक विचारले तेव्हा माझ्यापाशी सांगायला काहीच नव्हते. कार्यालयातील जुन्या नोंदींतून ते मिळेपर्यंत जे दिवस गेले, त्यांची आठवण आजही मला सोडत नाही.

म्हणून संग्रह बाळगणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे आहे की, तिजोरीच्या वजनावर विसंबू नये. जड वस्तू सरकवण्यासाठी पहार, नळकांडी आणि हातगाडी पुरते. तिजोरी उताणी पडली की दाराच्या फटीत कटावणी घालून तिच्यावर सगळे अंग टाकता येते, आणि उभ्या तिजोरीशी झटताना जी ताकद वाया जाते ती सारी दारावर पडते. तीच तिजोरी काँक्रीटमध्ये चार बोल्टांनी जखडलेली असेल, तर ती आडवीही होत नाही आणि बाहेरही जात नाही. चोराला जे करायचे ते त्या घरातच, आवाज करत आणि घड्याळाकडे पाहत करावे लागते. ती खोलीच्या कोपऱ्यात, दाराची उघडणारी कड भिंतीलगत येईल अशी बसवली, तर लांब कटावणी फिरवायलाही जागा उरत नाही. जमीन लाकडी असेल, तर बोल्ट नुसत्या फळीत न घालता खालच्या तुळयांपर्यंत न्यावे लागतात, आणि एवढा भार ती जमीन पेलेल का हे जाणकाराला आधी विचारावे लागते. हे काम एका दुपारचे आहे. माझ्या घरी ते कधी झालेच नाही.

दुसरी बाब पत्र्याच्या जाडीची. तिजोरी घेताना आपण दार पाहतो, मूठ फिरवून पाहतो, बाहेर सरकणारे जाड दांडे मोजतो. बाजूचा आणि पाठीचा पत्रा किती मिलिमीटरचा आहे हे मात्र क्वचितच विचारतो. बंदुकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा घरगुती तिजोऱ्यांच्या भिंती दोन ते तीन मिलिमीटरच्या असतात, आणि धातू कापणारा, बॅटरीवर चालणारा ग्राइंडर हाती असलेल्या माणसासमोर त्या फार काळ टिकत नाहीत. अमेरिकेतील यूएल ही चाचणी संस्था घरगुती तिजोऱ्यांना जो प्राथमिक दर्जा देते, त्याच्या कसोटीत एक माणूस हातोडी, पेचकस, छोटी कटावणी अशा हातहत्यारांनी पाच मिनिटे प्रयत्न करतो. टीएल-१५ या वरच्या दर्जासाठी यांत्रिक हत्यारे वापरून पंधरा मिनिटे दाराशी झटापट केली जाते. या कसोट्यांचा निकाल मिनिटांत सांगितला जातो, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण कोणतीही तिजोरी आपल्याला फक्त वेळ विकत देते. त्या वेळात कोणीतरी धावून आले पाहिजे. यासाठी घराच्या दाराखिडक्यांना आणि खुद्द तिजोरीला धोक्याचा इशारा देणारी घंटा हवी, आणि ती ऐकून हालचाल करील असा शेजारी किंवा पहारेकरीही हवा. घरातली पहार, छिन्नी आणि ग्राइंडर चोराच्या हाताशी सोडू नयेत, कारण पुष्कळदा घरातलीच हत्यारे कामाला येतात. माझ्या घरातूनही ग्राइंडर नाहीसा झाला होता.

कुलपाविषयी थोडक्यात लिहितो. चावीची तिजोरी असेल आणि चावी त्याच खोलीतल्या खणात असेल, तर पोलादाचा उपयोग शून्य. आकड्यांच्या कुलपाला कारखान्याचा मूळ क्रमांक तसाच ठेवू नये, आणि त्याच्यासोबत येणारी आणीबाणीची चावी घराबाहेर कोठेतरी सुरक्षित ठेवावी. बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या पेट्यांबाबत विशेष सावध राहावे. २०२३ साली अमेरिकेत अशा हजारो पेट्या परत मागवाव्या लागल्या, कारण मालकाचा ठसा नोंदवला जाईपर्यंत त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि ठसा नोंदवला आहे असा मालकाचा गैरसमज होऊ शकत होता. अशी पेटी घरी आणल्यावर दुसऱ्या माणसाचे बोट लावून ती उघडत नाही ना, हे पाहायला हवे. चापावर बसवायचे कुलूप किंवा नळीतून ओवायची तार मुलांच्या हातून अपघात होऊ नये म्हणून उपयोगी आहे, आणि त्यासाठी ती जरूर वापरावी. पण चोर ती बंदुकीसकट घेऊन जातो आणि सवडीने कापतो.

एक सवय मी बऱ्याच संग्राहकांच्या घरी पाहिली आहे. बंद तिजोरीत दमटपणा साचून नळ्यांना गंज चढतो, म्हणून वारा लागावा यासाठी ते तिजोरीचे दार दिवसचे दिवस उघडे ठेवतात. गंजाची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय आहे. आतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील एवढे सिलिका जेल ठेवावे आणि ते वेळोवेळी वाळवावे, किंवा तिजोरीच्या तळाशी मंद उष्णता देणारी विजेची दांडी बसवावी. आर्द्रतामापक आत टांगला की दार उघडे ठेवण्याचे कारणच उरत नाही.

ज्या रायफलींचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून अडवून धरणारा सरकता भाग, सहज निघतो, त्यांचे बोल्ट दुसऱ्या खोलीत जखडलेल्या वेगळ्या पेटीत ठेवावेत, आणि काडतुसे तिसऱ्याच ठिकाणी कुलपात ठेवावीत. एवढ्याने चोरी टळेलच असे नाही. पण चोराच्या हाती जे पडेल ते त्याच रात्री कोणावर रोखून चालवता येणार नाही. घरातून गेलेले दागिने फार तर वितळतात. चोरीला गेलेली बंदूक हातोहात फिरत राहते, आणि ती शेवटी कोणाच्या हाती जाते हे मूळ मालकाला कळते तेव्हा पुष्कळदा फार उशीर झालेला असतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या एका देशात वर्षाला सुमारे ३,८०,००० बंदुका चोरीला जातात असा अंदाज मांडला होता. माझ्या सातांपैकी चार परत आल्या. उरलेल्या तीन कोठे आहेत, हा प्रश्न घेऊन मी रोज झोपतो.

नोंदींविषयी मला सर्वांत जास्त कळकळ आहे. प्रत्येक बंदुकीचा अनुक्रमांक, बनवणाऱ्याचे नाव, नळीची लांबी, नळीवर उमटवलेले चाचणीचे ठसे आणि दस्त्यावरील ओरखडे यांची यादी आणि छायाचित्रे करून त्यांची एक प्रत घराबाहेर, वकिलाकडे किंवा विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावी. फार जुन्या बंदुकांवर अनेकदा अनुक्रमांक नसतोच. तेथे दस्त्याच्या लाकडातील रेषांचे जवळून घेतलेले छायाचित्र कामी येते, कारण त्या रेषा दुसऱ्या लाकडात तशाच सापडत नाहीत. विम्याच्या करारात बंदुकांसाठी वेगळी, आणि अनेकदा फारच तुटपुंजी मर्यादा असते, तीही आधी वाचून घ्यावी. संग्राहकाच्या निधनानंतरचे दिवस तर फार नाजूक असतात. घरात येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ असते, चावी कोणाकडे आहे हे कोणाला ठाऊक नसते आणि बातमी सर्वत्र पसरलेली असते. तेव्हा कोणी काय करायचे हे संग्राहकाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले बरे.

आपल्याकडून माझी अपेक्षा मोठी नाही. असे लेख अवश्य यावेत. मात्र बंदुकांचे छायाचित्र साध्या पडद्यापुढे घ्यावे, घराची ओळख पटेल असे काही त्यात नसावे आणि मालकाच्या प्रवासाचा उल्लेख गाळावा. छायाचित्र संकेतस्थळावर टाकताना त्यात दडलेली स्थळाची नोंदही काढून टाकावी. त्या संग्राहकांचा पत्ता मला माहीत नाही आणि तो मला कळूही नये. पण पुढच्या प्रवासाला निघण्यापूर्वी त्यांनी काचेचे कपाट रिकामे करून त्यातील बंदुका जखडलेल्या तिजोरीत हलवाव्यात, एवढा निरोप आपण त्यांना कृपया द्यावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक